नांगर

पहाटे सव्वाचार. कुत्री ओळखतात मला, भुंकत नाहीत.
खांद्यावर लोखंडी चावी, पुरुषभर उंच.
निखारे गल्लीला अकरा आट्या,
शाळेमागच्या कोष्टीपुऱ्याला साडेआठ,
वनमालाबाई बारापात्रेंचा नळ शेवटचा, चढावर,
तिथं पाणी पोचायचं तर तेरावी आटी द्यावी लागते
आणि ती कुठल्याच कागदावर नाही.
आधी नळ खोकतो, वारा सोडतो,
मग कुठंतरी पहिली गुंडी वाजते.
एकतीस वर्षं हेच करतोय,
अंधारात वाकून मोजतोय.

तलावाला चौपाटी करायची ठरली तेव्हा
समुद्र इथून एक अख्खी रात्र लांब होता.
तरी ठराव झाला. पायऱ्यांना फरशी,
सोळा बाक, त्यांवर सोळा नावं,
भेळेच्या गाड्यांसाठी पिवळे चौकोन,
आणि मधोमध, कारंज्यापाशी,
फायबरचा निळा नांगर,
जहाजाचा.
बुटीबोरीहून टेम्पोत आडवा आला,
चौघांनी उचलला, दोघांनी पुरला असता.
बोटानं वाजवला मी. पोकळ.

देवाजी हेडाऊ, वय चौऱ्याऐंशी,
माग बंद पडल्यापासून तलावाकाठी बसतात.
त्यांनी पाटी वाचली, नांगराभोवती एक फेरी मारली.
"काहो, याले फाळ कुठी हाये?"
इंजिनियर साहेब हसले. "बाबा, हा समुद्राचा."
"समुद्र नांगरतेत काय?"
कोणी उत्तर दिलं नाही. फीत यायची होती.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री फोन आला.
कारंजं पंधरा फूट उडालं पाहिजे,
प्रेशर तिकडं वळवा, दोनच दिवस.
मी वळवलं.
चढावरची ती आटी आधी काढली,
कारण तिच्याबद्दल कोणी विचारणार नव्हतं.
दोनाचे अकरा दिवस झाले.
पाणी लाल व्हायचं, हिरवं व्हायचं,
भोंग्यावर गाणी,
आणि वनमालाबाई घागर घेऊन
कारंज्याच्या कुंडाशी रांगेत पहिल्या.
शिपायानं हटकलं. त्या म्हणाल्या,
"रंग तुमचा ठेवा, पाणी आमचं द्या."

मग पोळा आला. पाडव्याला मारबत निघणार,
गल्लीतली पोरं आठ रात्री शाळेमागे खपत होती.
मी टाळत होतो, तरी एकदा वाकून पाहिलंच:
बडग्या बसलेला बांबूच्या खुर्चीत,
मागाच्या जुन्या सुताच्या मिशा,
तोंडातून कारंजं, झिलेटिन कागदाचं,
आणि हातात, खरं सांगतो,
पुठ्ठ्याची पुरुषभर चावी.

पंकज सोरते पुढं आला, ब्रश मागं लपवत.
"काका, राग नका धरू. तुमी नाही हे."
मी म्हटलं, "चावी तर माझीच हाय बे.
अन् कडी उलटी लावली तुम्ही,
अशानं आटी बसत नाही."
तिथंच मांडी घातली. खळ मागितली.
कडी सुलटी केली.

दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गर्दीत
त्याच्या खुर्चीचा मागचा बांबू माझ्या खांद्यावर.
खाकी सदरा घरी ठेवला नव्हता.
लोक ओरडत होते, रोगराई, खोकला, महागाई,
खड्डे, टँकर, टक्केवारी, घेऊन जा गे मारबत!
मी पण ओरडलो. काय, ते सांगत नाही.
वेशीबाहेर तो पेटला
तेव्हा चावी सगळ्यांत शेवटी जळाली, खळ ओली होती.

संध्याकाळी तान्हा पोळा.
पोरं लाकडाचे बैल ओढत चौपाटीवर आली,
शिंगांना बेगड, गळ्यात चिरंजी,
चाकं नव्या फरशीवर खडखडत.
कारंजं बंद होतं. का, ते मला ठाऊक.
देवाजी बाकावरून उठले,
सुताची दोरी काढली कमरेची,
पणतीचा बैल त्या निळ्या नांगराला जुंपला
अन् म्हणाले, "हं, आता चालव."

पहाटे सव्वाचार.
तळहाताला अजून धुराचा वास.
चढावर वाकलो, मोजलं,
अकरा, बारा,
आणि वर अंधारात थांबून राहिलो
गुंडी वाजेपर्यंत.