सातव्या चौकोनातून

यमू बहिरट आठव्या चौकोनात बसायची, खांबाला लागून.
मी सातव्यात.
तिचं तोंड भवानी पेठेकडे, माझं दगडी शाळेच्या भिंतीकडे.
खो-खोचा नियमच तो :
शेजारणीनं शेजारणीकडे बघायचं नाही.
म्हणून मला ती दिसण्याआधी ऐकू यायची.
रोखलेला श्वास, मातीवर टेकलेली बोटं,
आणि पाठीवर थाप पडली की
उकिडव्या अंगातून सुटलेली सणक.

खांबावर अशी झेपावायची
की फक्की उडून पंचांच्या चष्म्यावर बसायची.
इंदूरहून ढाल जिंकून आणली
तेव्हा तिच्या दोन्ही गुडघ्यांना हळद, पुढच्या दाताची कपची गेलेली.
गाडीत ढाल उलटी धरून तिच्यात पोहे कालवले आम्ही.
ताटं कुणाकडेच नव्हती.

मग मैदान सुटलं. सगळ्यांचंच सुटतं.
माझं लग्नात सुटलं, तिचं उजव्या गुडघ्यात.
ती पिग्मीची पावतीपुस्तकं घेऊन पेठा पालथ्या घालायची
आणि सकाळी कायद्याच्या वर्गात
पाय लांब करता यावा म्हणून कडेच्या बाकावर.

शिवाजीनगर कोर्टाबाहेर मी टाइपरायटर मांडला.
ती आत गेली, काळा कोट घालून.
तिचं पहिलं वकीलपत्र मीच टाइप केलं
आणि बहिरटचं बहिरत करून ठेवलं.
तिनं पेनानं ट काढला, ठसठशीत,
पैसे पूर्ण दिले.

चहा पिताना म्हणायची,
"अगं, इथं पळता पळता दिशा बदलता येते.
मधली रेघ ओलांडता येते.
आणि पंच शिट्टी वाजवत नाहीत,
पुढची तारीख देतात."
हसायची. कपची गेलेला दात दिसायचा.

वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला त्या साली
पक्षाला कुणीतरी पळणारी हवीच होती.
भिंतींवर नाव आलं, मागं ताई लागलं.
दात बसवून घेतला.
मी मत दिलं. चौकोन शेजारचा होता, देणारच.

पुढच्या उन्हाळ्यात अतिक्रमणाची गाडी आली.
माझं टेबल, छत्री, रिबिनींचा डबा,
सगळं एका फेरीत गेलं.
ठरावाची प्रत बघितली मी.
खाली सही. तोच ट.

मी महापालिकेत खेटे घालत होते टेबलासाठी,
म्हणून त्या दिवशी सभागृहाच्या सज्जात होते.
विषय : आमचं मैदान. आरक्षण बदलून वाहनतळ.
बाजूचे उभे राहा, म्हणाले.
खुर्च्या करकरल्या. तिच्या पुढचे उठले,
मागचे उठले, डावी-उजवीकडचे उठले.
ती बसलेली.
पाठ ताठ, टाचा वर,
चपलांच्या टोकांवर सगळा भार.
कुणी तिच्या खांद्याला हात लावला, वाकून काही बोललं.
तरी नाही उठली.

लोक सांगतात, ती म्हणाली, मला खो मिळाला नाही.
पेठेत ही गोष्ट फार चालते.
खोटी आहे. ती काहीच बोलली नाही.
मैदान गेलंच, चार मजली वाहनतळ झाला,
पुढच्या खेपेला तिकीट दुसऱ्याच ताईला.

पण त्याआधी एकदा ती आली,
झेरॉक्सवाल्याच्या जिन्याखाली मी बसते तिथं.
पक्षानं खुलासा मागितला होता.
टेबलाचं ती बोलली नाही, मीही काढलं नाही.
स्टुलावर बसली, माझ्याकडे पाठ करून,
रस्त्याकडे बघत सांगू लागली :
सदर दिवशी गुडघेदुखीमुळे मला उभे राहता आले नाही.

मी थांबले. विचारलं,
"उजवा लिहू की डावा?"
"लिही कुठलाही," ती म्हणाली.