दर दोन तासांनी

रात्री दहाला डावी कूस.
बाराला पाठ, पण पाठीला जखम आहे,
म्हणून पाठ नाहीच, थेट उजवी.
दोनला परत डावी.
मध्ये तीन नंबरचं भांडं, सातची लघवीची पिशवी,
आणि नऊ नंबरची म्हातारी, जी रोज रात्री
कॉटवरून उतरून विडी घरकुलला घरी निघते.
मी तिला जिन्यातून परत आणते,
"आज रिक्षाचा संप आहे अव्वा, उद्या जाऊ."
अकरा दिवस झाले, संप चालूच आहे.

सोलापुरात एप्रिल रात्रीचाही उतरत नाही.
पंखा गरम हवा नुसती ढवळतो.
पाच नंबरला सत्तय्या दुडम, वय एकोणऐंशी,
डावं अंग गेलेलं.
आला तो माकडहाडावर वाटीएवढी जखम घेऊन.
लेक खाली बघत म्हणाला,
"आम्ही दोघंही कामाला. सरळ झोपवून जायचो."
मी काही बोलले नाही.

गुडघा वाकवायचा,
एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली.
ओढायचं नाही, ओढलं की कातडी जाते.
उचलायचं,
थापलेली भाकरी परातीतून तव्यावर नेताना
मोडू देत नाही, तसं.
एवढंच काम. याला डिग्री नाही.

पाणी मला तीनदा येतं:
पाणी, नीरु, नीळ्ळु.
दुखणंही तीनदा शिकले.
दिवसा मराठीत विचारलं की "बरंय" म्हणणारी माणसं
रात्री तीनला नोप्पी म्हणतात.

त्यांचा उजवा हात मात्र झोपत नाही.
चादरीची किनार चिमटीत धरतो,
तुटलेला दोरा हुडकतो,
अंधारात गाठ मारतो.
एकदा म्हणाले, "कुठला माल? ताणा ढिला आहे."
"सरकारी आहे, काका."
हसले. अर्ध्या तोंडानं, पण हसले.
चारच्या सुमाराला विचारतात, "भोंगा झाला?"
"व्हायचाय," मी सांगते.
भोंगा बंद पडला तेव्हा मी चौथीत होते.

वाटीएवढी जखम लिंबाएवढी झाली,
मग चिंचोक्याएवढी,
मग एका सकाळी नुसती गुलाबी कातडी,
नवीन, घाबरलेली.
डॉक्टर म्हणाले, "छान, मलम लागू पडलं,"
आणि फाइलीत मलमाचं नाव लिहिलं.
सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं.
मी बादलीत फडका पिळत होते.

माझी आईसुद्धा सरळच झोपून होती,
चार महिने, अशोक चौकातल्या खोलीत,
भिंतीकडं नाही, दाराकडं नाही, छताकडं तोंड.
तेव्हा मला हे येत नव्हतं.
कुणालाच येत नव्हतं आमच्याकडं.
आम्ही तिला रोज पावडर लावायचो.

आता दिवसा झोपते मी, पत्र्याखाली,
ओला टॉवेल अंगावर टाकून.
बरोबर दोन तासांनी जाग येते.
शेजारी लेक, शाळेतून आलेली, दप्तरासकट आडवी.
माझा एक हात तिच्या खांद्याखाली गेलेला असतो,
एक कमरेखाली.
"आई, मी बरी आहे गं," ती झोपेतच करवादते.
मी तिला तरीही वळवते.