तीन चिरे

एकतीस वर्षं कदंबच्या बसमध्ये माणसं मोजली,
शिरोडा-फोंडा, फोंडा-शिरोडा.
निवृत्त झालो तसा कोंबड्या मोजू लागलो.
दिवेलागणीला अकरा.
कधी दहाच भरत, मग अकरावी जास्वंदीखालून यायची
तिकीट न काढलेल्या पोरासारखी नजर चुकवत.

त्या सोमवारी आठ.

जास्वंदीखाली पिसं, विहिरीच्या काठावर पिसं.
दोन मिळाल्याच नाहीत.
तांबडी जिवंत, एक पाय ओढत.
कवडी निजल्यासारखी पडली होती,
अंगावरचा एक घासही कुणी घेतलेला नव्हता.
खाण्यासाठी मारलं असतं तर समजलो असतो.
बुधवारी, रविवारी आम्ही दुसरं काय करतो?

कुत्रा आवेलिनाचा. नाव नाताल.
तिच्या सिप्रियानने तारवावर जाण्याआधी
नाताळच्या आदल्या रात्री खिशातून आणलेलं पिलू.
आता कुठल्याशा समुद्रावरून
दर रविवारी तो फोन करतो.
आधी विचारतो, नाताल जेवला?
मग, आई, तू?

आला कुठून, हे शोधावं लागलं नाही.
गडग्यात हातभर जागा पहिल्यापासून मोकळी आहे.
माझ्या आईने आणि आवेलिनाच्या सासूने
गवंड्याला ती बुजवूच दिली नव्हती.
तिथून विस्तव जायचा, सान्नांचा वाडगा यायचा,
चवथीला नेवऱ्या, नाताळला दोदोल.
एकदा तापाने फणफणलेलं मूलही गेलं, माझंच,
मध्यरात्री, कारण गाडी त्यांच्याकडे होती.

पंच म्हणाला, अर्ज करा.
पुतण्या म्हणाला, भातात कालवा काहीतरी, आणि हसला.
मी हसलो नाही.
रात्री मात्र ते दोनदा आठवलं.
पोदेराने सायकल टेकवून, पाव मोजता मोजता सांगितलं:
मेलेली कोंबडी त्याच्याच गळ्यात बांधा,
जन्मात पुन्हा तोंड लावणार नाही.

मी पोदेराचं ऐकलं.
सुंभ घेऊन गेलो तर नातालने मान पुढे केली,
फिरायला नेतात असं वाटून.
एवढं एक झालं नसतं तर बरं होतं.

दोन दिवस तो कवडीला घेऊन हिंडला.
बसला की ती पुढे, उठला की खाली लोंबणारी.
माश्या दोघांच्या.
आवेलिनाने सोडवलं नाही.
पायरीवर बसून राहिली झग्याचं टोक नाकाला लावून,
आणि मी दिसलो तेव्हा एवढंच म्हणाली,
“गुन्यांव ताचो. घाण म्हज्या घरांत.”

आमच्या घरातही कुणी बोलत नव्हतं.
बायको कोंबड्यांसाठी गप्प होती की कुत्र्यासाठी,
विचारायचं धैर्य झालं नाही.

तिसऱ्या पहाटे मीच कोयत्याने सुंभ कापलं.
खाली मान सोलवटली होती. खोबरेल लावलं.
त्याने हात चाटला.
मी काढून घेतला.
मग परत ठेवला.

कवडीला माडाच्या मुळाशी पुरलं.

चिरे तिच्याच पडक्या खोपीतले, तीन.
एका बाजूने ती, एका बाजूने मी,
वयाच्या मानाने बरे उचलले.
झाल्यावर तिने पाकीट पुढे केलं,
तीन कोंबड्यांचे पैसे, बाजारापेक्षा चार जास्त.
मी म्हटलं, सुटे नाहीत.
जुनी सवय. ती हसली तेव्हा कळलं काय बोललो.

चिरे गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली.
वाडगा जातो.
मूल जरा उचलून द्यावं लागेल,
पण मूल आता कुठे आहे, दोन्हीकडे?

नाताल काही शिकला का, सांगता येत नाही.
पलीकडे पंजांवर हनुवटी टेकून पडलेला असतो.
पोदेर म्हणतो, औषध लागू पडलं.
माझा भरवसा चिऱ्यांवर.

काल दिवेलागणीला तांबडी
एका पायाने उडाली, वरच्या चिऱ्यावर बसली,
तोंड तिकडे, शेपूट इकडे.
खाली तो मान वर करून.
मी मोजत होतो. सात झाल्या, आणि ही.
धरावी की नाही, ठरेना.