दाब, धर, सोड

नोव्हेंबरात ब्लायनायमध्ये
आभाळ, छपरं, डोंगर सगळं एकाच पाटीच्या दगडाचं.
पुसलेली पाटी, ओल्या फडक्यानं पुन्हा पुसलेली.
गॅरेजचं दार अर्धं वर करून
मी आईच्या डोलोमाइटचं उजवं चाक काढतो.

परवा खिंडीच्या उतारावर ब्रेक मारला
आणि गाडी डावीकडे ओढली.
एकदाच. पण त्या बाजूला जुनी खाण आहे,
तळाशी काळं पाणी.

दोन बोल्ट, एक नळी.
नळीतून ठिबकणारं ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं,
आईच्या चहाच्या, दूध पडायच्या आधीच्या.
बोनेटवर सांडलं तर रंग खातं,
म्हणून खाली तिचाच केकचा डबा.

कॅलिपरच्या पोटात दोन पिस्टन, समोरासमोर.
मधली फिरती तबकडी दोघांनी मिळून धरायची,
एवढंच त्यांचं काम.
एक सरकतो.
दुसरा गंजून बसलाय.
पंपानं हवा मारावी तर
सरकतो तोच आणखी सरकतो,
आणि तो निसटून बाहेर पडला की खेळ खलास :
सगळी हवा त्या भोकातून फुस्स,
अडलेल्याला ढकलायला काही उरत नाही.

हे मला इदवालनं शिकवलं. मी सोळाचा होतो,
रागानं हातोडी उचलली होती.
‘अडलेल्याला मारू नकोस,’ तो म्हणाला.
‘सुट्याला आवळून धर.
मग जोर आपोआप जायचा तिथे जातो.’

सुट्यावर शिकंजा. अडलेल्यासमोर लाकडाचा ठोकळा.
सायकलचा पंप. मोजले नाहीत किती.
टप्प.
बोटं मध्ये नव्हती हे नशीब.

पिस्टनवर देवीचे व्रण असावेत तसे गंजाचे खड्डे.
तो भंगारात. नवे दोन रेक्सहॅमहून आलेत,
इतके चकचकीत की त्यांत माझं नाक दिसतं.
खाचेतली घाण मी आगकाडीच्या टोकानं काढतो,
लोखंडी काही लावायचं नाही, ओरखडा उठतो.
मग नवं सील, ताज्या ऑइलमध्ये भिजवलेलं,
अंगठ्यानं फिरवत फिरवत बसवलेलं.

आत स्प्रिंग नसते, हे पुष्कळांना माहीत नसतं.
पिस्टन पुढे जाताना हे रबर थोडं पिळवटतं,
पाय उचलला की सरळ होतं
आणि त्याला मागे घेतं. केसभर.
केसभर मागे सरलं तरी चाक फिरायला पुरतं.

इथवर एकट्याला जमलं.
नळीतली हवा काढायला मात्र
कुणीतरी पेडलवर पाय ठेवून बसावं लागतं.
प्रोबर्टांचा पोरगा मॅचला गेलेला.
इदवाल तीन घरं सोडून राहतो.
आईला होममध्ये ठेवायच्या कागदावर सही माझी होती.
ती गेली एप्रिलात,
तेव्हापासूनचा अबोला.

मी त्याच्या दारात उभा राहिलो,
ऑइलचे हात मागे धरून.
‘ब्रेक,’ म्हणालो.
त्यानं बूट शोधले.

सीट अजून आईच्या मापाची, पुढे ओढलेली.
गुडघे स्टिअरिंगला टेकवून तो तसाच बसला.
मी खाली, गार फरशीवर कुशीवर,
हातात पाना, बरणीत बुडवलेली नळी.

दाब.
बुडबुडे.
धर.
धरलंय.
सोड.

दाब. धर. सोड.
सात महिन्यांत एवढे शब्द झाले नव्हते.
मध्येच एकदा मी सोड म्हणायचं विसरलो,
आणि तो पाय तसाच रोवून बसून राहिला,
काही न विचारता.

बुडबुडे बारीक झाले, मग एखादाच, मग नाही.
‘घट्ट लागतंय आता,’ वरून आवाज.
मी निपल आवळला. मान अवघडली होती.
‘सीट मागे घे की,’ म्हटलं.
‘राहू दे.’

पाऊस दाराच्या आत फूटभर आला होता.
तो उतरला, गुडघे चोळले,
पंखाच्या कडेवरून बोट फिरवत गाडीच्या पुढून गेला
आणि डाव्या चाकाशी उकिडवा बसला.
‘हे जोडीनंच करतात,’ म्हणाला.
‘जॅक इकडे ढकल.’