त्रिज्या

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी पंखा बंद ठेवणं
हे माझं काम.
फेब्रुवारी. नाशिकची थंडी अजून फरशीत मुरलेली,
पंखा हवा होता कुणाला,
तरी मी बटणापाशी स्टूल टाकून बसलेलो.
वारा लागला की लंबक रेघ सोडून गोल गोल घुमतो,
मग त्याची आंदोलनं मोजणं म्हणजे
पाण्यावर सही करणं.

मधोमध चिरलेलं बूच, त्याच्या दोन फाकांत दोरा,
दोऱ्याला पितळी गोळा,
मागे भिंतीवर खडूची उभी रेघ.
एवढंच सामान.
एवढ्यावर पृथ्वीची ओढ काढायची.

बाक चौथा, श्रीरंग वडके, तांबट आळीतला.
गोळासुद्धा त्याच आळीतला.
जुना हरवला तेव्हा त्याच्या वडलांनी कातून दिलेला.
पैसे विचारले तर हात पुसत म्हणाले,
राहू द्या, पुढल्या वर्षी पोरगं तुमच्याकडंच यायचंय.
आणि वर: मध्य नीट साधलाय बरं का, बघा फिरवून.

बाकीची पोरं गोळा रेघेवर आला की
घड्याळाची कळ दाबून म्हणत, एक.
तिथंच त्यांचं एक आंदोलन बुडायचं.
हा म्हणाला, शून्य.
कुणी शिकवलं असेल?
आळीत म्हणे मठारताना पहिला ठोका मोजत नाहीत,
तो हात बसवण्यापुरता.

वीस आंदोलनं, चाळीस पूर्णांक चार सेकंद.
पुन्हा वीस. पुन्हा तेवढेच.
लांबी शंभर सेंटिमीटर.
उत्तर आलं नऊशे अडुसष्ट.

इतर सगळ्या बाकांवर नऊशे एक्क्याऐंशी.
हो, एकोणीस मोजणाऱ्यांचंसुद्धा.
पुस्तकातलं उत्तर आहे ते,
लंबक न हलवताही येतं.

परीक्षक कुलथे सर संगमनेरहून आलेले,
चारची एसटी त्यांच्या डोक्यात.
नऊशे अडुसष्टभोवती लाल गोल,
दहापैकी चार.
श्रीरंग काही बोलला नाही.
मीही नाही. मला दिसलं होतं त्याचं काय चुकलं ते,
पण बटणापाशी बसणाऱ्यानं
परीक्षेत तोंड उघडायचं नसतं.

सगळे गेल्यावर त्याला थांबवलं.
म्हटलं, दोरा कुठपर्यंत मोजलास?
गाठीपर्यंत, म्हणाला. गोळा सुरू होतो तिथपर्यंत.
मी कॅलिपर पुढं सरकवला.
गोळ्याचा व्यास दोन सेंटिमीटर. त्रिज्या एक.
शंभरात एक मिळवून त्यानं पुन्हा गणित मांडलं,
पेन्सिलीनं, वहीच्या मागच्या पानावर.
नऊशे सत्त्याहत्तर.

पुस्तकापेक्षा तरी कमीच की, तो म्हणाला.
म्हटलं, असू दे. आपण समुद्रापासून सहाशे मीटर वर राहतो,
विषुववृत्ताच्याही बरेच जवळ,
इथली ओढ पुस्तकापेक्षा जराशी सैल.
तुझ्या हाताची चूकही असेल त्यात थोडी.
ती पण तुझीच.

तो बराच वेळ गोळा तळव्यावर फिरवत राहिला.
मग म्हणाला, दोरा मोजला मी,
आणि बाबांचं काम मोजायचं राहिलं.

मी कपाटाची किल्ली शोधू लागलो.
ती खिशातच होती.

त्यानं गोळा चार बोटं ओढून सोडला.
टोकाला क्षणभर थबकायचा, जिथं ओढ सगळ्यात जास्त,
आणि रेघेवरून, जिथं त्याला कुणीच ओढत नाही,
तिथून सगळ्यात वेगानं निघून जायचा.
झोका लहान होत गेला,
तीन बोटं, दोन, नखाएवढा.
फेरीला मात्र वेळ तेवढाच,
दोन सेकंद आणि वर थोडं काहीतरी.

मार्क बदलणार नव्हते, दोघांनाही ठाऊक होतं.
बाहेर शिपाई दारं लावत येत होता.
गोळा थांबला की अजून हलतोय
हे आता दोऱ्याकडे बघून कळत नव्हतं.
मी बटणाला हात लावला नाही.