बिननंबरी

एकतीस वर्षं मी आरटीओत काढली, इंदूरला,
खिडकी क्रमांक चार.
हजारो गाड्या माझ्या हातून रस्त्यावर गेल्या:
एमपी शून्य नऊ, मग अक्षरं, मग चार आकडे,
आणि जांभळा शिक्का, जरा तिरपा,
कारण टेबलाचा एक पाय आखूड होता.
मला स्वतःला स्कूटरसुद्धा येत नाही.
पण सिग्नलला उभा राहिलो की
अजून पाट्या वाचतो,
ओळखीचं कोणी भेटतंय का म्हणून.

पौषात मैथिलीचा फोन आला,
दूर दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावरून.
बाबा, इथं नुसतं जंगल आहे, ओलं, गच्च,
झाडांच्या अंगावर झाडं वाढतात.
होडीतून उतरलं की पायीच चालायचं.
गाडी आणायला बंदी. एकसुद्धा नाही.
मी विचारलं, मग आजारी माणसाला कसं नेतात?
ती हसली. मग म्हणाली, बाजेवर. चौघं उचलतात.
हे मला पटलं.
बाजेला नंबर लागत नाही.

पासपोर्ट काढायचं माझं वय गेलं,
गुडघेही त्याच मताचे.
म्हणून रविवारी शहराबाहेरच्या तलावावर गेलो.
मधोमध एक टापू आहे, वनखात्यानं राखलेला;
दिवसाला बाराच माणसं, पहाटे, वल्ह्याच्या नावेनं.
रिक्षावाल्यानं बंधाऱ्यापाशी सोडलं, म्हणाला,
"अंकल, उधर है क्या?"
मला सांगता आलं नाही.

भेरूलालनं आधी माझे बूट बघितले,
मग खिशातली काडेपेटी काढून घेतली.
पोह्यांची पुडी राहू दिली;
अर्धी त्यानंच संपवली, जिरावण जास्त आहे म्हणत.
"हव, बैठो," आणि वल्हं पाण्यात.

माझ्या कानात एक घरघर होती,
इतकी जुनी, की मी तिलाच शांतता समजत होतो.
ती मधल्या पाण्यात केव्हातरी उतरून गेली.

हे काही मैथिलीचं जंगल नव्हे.
सागाची पानं पापडासारखी मोडतात पायाखाली,
खाकरा धुळकट, करवंदीच्या जाळ्या.
पण टापूच्या पोटात एक घळ आहे,
तिथं झिरपतं पाणी, अर्जुनाची मुळं, नेचे,
आणि बंद माठाच्या तोंडाशी येतो तसा वास.
तिथं मी जरा वेळ टोपी काढून उभा राहिलो.
का, ते विचारू नका.

आणि तिथंच, खोडावर, पांढऱ्या रंगात:
दोनशे चौदा.
पलीकडे दोनशे पंधरा.
घरी आल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही.
एक नंबर एका वाकड्या मोहाला मिळालेला.
या आकड्यासाठी इंदुरात लोकांनी
लाखाची बोली लावली आहे,
मध्यरात्री साहेबांना उठवलं आहे.
मोहानं एक पैसा भरलेला नाही.
त्याच्या ढोलीत घुबड झोपलं होतं.
वर हळद्या बोलला. त्याला नंबर नव्हता.
मी नीट पाहिलं.

परतताना भेरूलालनं थांबवलं.
खडकात दोन चाकोऱ्या, शेजारी शेजारी,
उतारानं सरळ पाण्यात गेलेल्या.
धरण व्हायच्या आधी हा टापू नव्हता, टेकडी होती;
त्याचा आजा इथून कापूस भरून गाडी हाकायचा.
कुठवर जातात या, मी विचारलं.
"गाम तक," तो म्हणाला,
आणि बोट पाण्याकडे.

मी उकिडवा बसलो. चाकोरीत हात घातला:
शेवाळ, एक शंख, ओंजळभर गार पाणी.
किती फेऱ्या झाल्या असतील,
दगड इतका खोल व्हायला.
हे वाहन माझ्या एकाही रजिस्टरात नाही.
मैथिलीला फोटो काढायचा राहिला.

बंधाऱ्यावर तीच रिक्षा.
पाटी वाचली; सवय.
बरीच वाट चालून गाव लागलं,
हॉर्न पुन्हा कानात जमा झाले,
तेव्हा आठवलं,
काडेपेटी त्याच्याकडेच राहिली.