सुरक्षेचे प्रश्न

पासवर्ड विसरला की बँक विचारते तीन प्रश्न.
प्रत्येकी तीन संधी.
नाहीतर या शाखेत, पॅनकार्ड घेऊन.

उत्तरं माझी नाहीत.
अण्णांनी भरली होती, मी एफवायला असताना,
पद्मावतीच्या सायबर कॅफेत, तासाला पंधरा रुपये देऊन,
एका बोटानं.

आवडता पदार्थ?
पावभाजी. चूक.
सुरळीची वडी. चूक.

पलीकडच्या खोलीत अण्णा मटार सोलतायत.
"अण्णा, मला काय आवडतं हो खायला?"
"तुझं तुला माहीत नाही?"
कानात मशीन नव्हतं,
तरी एवढं बरोबर ऐकू आलं.

मग आठवला रविवार.
आई लोणी कढवायची, तूप गाळून घ्यायची,
आणि पातेल्याच्या बुडाशी उरायची ती तपकिरी, खमंग बेरी.
त्यावर साखर भुरभुरवून
मी आणि निनाद ओट्याखाली बसून खरवडायचो,
चमचे एकमेकांवर आपटत.
अण्णा खडकीहून रात्रपाळी करून आलेले,
तोंडावर पेपर ठेवून झोपलेले.
झोपलेलेच होते की.

बेरी.
बरोबर.

आवडता रंग?
काळा, अर्थात.
माझं कपाट उघडलं तर वाटेल वकिलीण राहते इथे.
चूक.

मला हवं होतं डेनिमचं जॅकेट.
लक्ष्मी रोडवर तीन दुकानं हिंडून
अण्णांनी घेतलं चिंतामणी रंगाचं ड्रेस मटेरियल,
शकूआत्याच्या मंजूच्या लग्नासाठी.
खुटवड टेलरनं एक बाही बोटभर लांब शिवली.
मी रडले. म्हटलं, हा रंग मला शोभत नाही,
मी हा घालणार नाही, कधीच नाही.

पण अल्बम काढला तर
सिंहगडावर तोच. निनादच्या दहावीच्या पेढ्यांना तोच.
कॉलेजच्या आयकार्डावर तोच,
लांब बाही दुमडून.

आवडत होता का मला?
अजूनही नक्की सांगता येत नाही.
चिंतामणी, मी टाइप केलं.
बँकेला मात्र काही शंका नव्हती.

पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव?

इथे मी अडले.
आमच्या घरी प्राणी नव्हताच.
केस गळतात, वास येतो, अंथरुणात शिरतात,
आणि शेवटी, एक तर ते राहील नाहीतर मी:
अण्णांचं हे भाषण आम्हाला पाठ होतं.
'नाही' असं लिहून पाहिलं. चूक.
शेजारच्या देवधेंच्या कुत्र्याचं नाव लिहिलं. चूक.

एकच संधी.
आत मटाराच्या शेंगा फुटतायत. टक्. टक्.

आणि त्या आवाजात कुठूनतरी
दारात सायकल लावणारे अण्णा दिसले.
डबा आईच्या हातात देताना
रोज सकाळी तोच प्रश्न:
"साहेब येऊन गेले का?"
मला वाटायचं घरमालक असेल, भाडं थकलं असेल.
मी घाबरून दप्तर भरायचे.

कंपाउंडच्या भिंतीवर एक बोका बसायचा,
एक कान अर्धाच, तोंड कायम रागावलेलं,
साक्षात फोरमन.
आणि डब्यात रोज एक पाव परत यायचा,
कँटीनचा, दुधात बुडवून मऊ झालेला.
आई म्हणायची, अण्णांना भूक नव्हती.

हात थोडा थरथरला.
साहेब. चूक झाली असती, पण अण्णांचं स्पेलिंग आठवलं,
डबल ए घातले.

खातं उघडलं.
शिल्लक चारशे बारा रुपये, साठ पैसे.
खाली बँकेनं नम्रपणे विचारलं,
उत्तरं बदलायची आहेत का?

मी फोन पालथा ठेवला, आत गेले.
अण्णांच्या मांडीवर ताट,
समोर सालींचा ढीग मोठा, भांड्यात मटार जेमतेम ओंजळभर.
"एवढेच निघाले?"
अण्णा काही बोलले नाहीत.
त्यांचा गाल
फुगलेला होता.